बरण्यांच्या खोलीत शिकलेलं

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मुलींना तिकडे कुणी पाठवत नव्हतं. तरी आईच्या पोटात माणसाचा मेंदू कसा तयार होतो, हे मला बऱ्याच शिकलेल्या लोकांपेक्षा नीट माहीत आहे. यात फुशारकी नाही. ज्या खोलीत ते सगळं मांडून ठेवलं होतं, ती खोली मी सव्वीस वर्षं झाडली.

नवरा वारला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला शिरूर अनंतपाळला माझ्या भावाकडे ठेवलं आणि मी नांदेडला एका डॉक्टरीच्या कॉलेजात कामाला लागले. ज्या विभागात मुलांना शिकवायला प्रेतं ठेवतात, त्या विभागात. प्रेतांच्या हॉलमध्ये पुरुष माणसं होती. मला बाजूची खोली दिली. तिला सगळे म्युझियम म्हणत. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत काचेच्या बरण्या आणि बरण्यांत औषधाच्या पाण्यात दिवस पूर्ण न भरलेली बाळं. माझं काम बरण्या पुसायचं, पाणी कमी झालं की भरायचं, झाकणाला मेण लावायचं, सुटलेल्या चिठ्ठ्या परत चिकटवायच्या. पहिले आठ दिवस मी जेवले नाही. नवव्या दिवशी जेवले. पगार लागत होता.

घरी मी खोटं बोलले नाही. कॉलेजात शिपाई आहे असं सांगितलं, आणि कागदावरही तसंच होतं. कोणत्या खोलीत, ते कुणी विचारलं नाही. मुलगा सुट्टीत भेटायला यायचा तेव्हा मी त्याला फाटकावरच गाठायची. लुगड्याला कसला वास येतोय म्हणाला तर फिनाइलचा म्हणायची.

आम्ही लिंगायत. आमच्यात विटाळ मानायचा नाही, सुतक मानायचं नाही, असं अय्या म्हणजे आमचे गुरुजी पूजेला आले की सांगतात. सगळे माना हलवतात. अय्या गेले की शेजारपाजार जे मानतो तेच आमच्याकडेही चालतं. भावाची बायको तर मयतीला जाऊन आलेल्या माणसाला उंबऱ्यावर उभं करायची. तिच्या हातचं माझं पोर जेवत होतं. मी मेलेली बाळं पुसते हे कळलं असतं तर तिनं पोराला दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसवून दिलं असतं. म्हणून गप्प बसले. नंतर गप्प बसायची सवय लागली, आणि मग ती गोष्ट सांगायची वेळच निघून गेली.

दर वर्षी नवी मुलं यायची आणि दर वर्षी तोच पाठ व्हायचा. बरण्या काढून द्यायला कुणीतरी लागतं, म्हणून मी कपाटाशी उभी असायची. सर इंग्रजीत बोलायचे, मला त्यातलं काही कळायचं नाही. पुढे एक मॅडम आल्या. त्या मराठवाड्यातल्याच. खेड्यातून आलेल्या मुलांची तोंडं बघून मराठीत सांगायच्या. त्यांनी मला सगळं कळू दिलं असं नाही, पण मी ऐकते हे त्यांना माहीत होतं आणि त्या मला बाहेर काढत नव्हत्या.

त्या सांगायच्या ते असं. पहिले पंधरा-वीस दिवस माणूस म्हणजे एक चपटी चकती असते, मेथीच्या पानाएवढीसुद्धा नाही. तिच्या पाठीकडच्या अंगाला मधोमध एक पट्टा जाड होतो. वरून रुंद, खाली निमुळता, चपलेच्या तळासारखा. एवढं बारीक बरणीत दिसत नाही, म्हणून त्याचे प्लास्टरचे मोठे नमुने होते. त्यांची धूळ मी ब्रशनं काढायची. पुढच्या नमुन्यात त्या पट्ट्याला मधून खोबण पडलेली असते आणि दोन्ही काठ वर आलेले असतात. त्याच्या पुढच्यात काठ एकमेकांना टेकतात. आधी मानेपाशी टेकतात आणि तिथून वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे मिटत जातात. त्याची नळी होते. वरचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या. वरच्या टोकाला तीन फुगे येतात, तेच पुढे मेंदू. खालची नळी म्हणजे पाठीच्या कण्यातला दोरा. तिथून अंगभर नसा जातात. काठाला जे उरतं तेही वाया जात नाही. ते सुटून लांब लांब जातं, आतड्यापर्यंत, चेहऱ्याच्या हाडापर्यंत, कातडीच्या रंगापर्यंत. मेंदू पाचव्या महिन्यापर्यंत सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत असतो. त्याला वळ्या नंतर पडतात.

शेवटच्या कपाटात बिघडलेली होती. खालचं तोंड मिटलं नाही तर पाठीवर कमरेपाशी फोड. वरचं मिटलं नाही तर भुवयांच्या वर काहीच नाही. कवटी नाही, मोठा मेंदू नाही. डोळे बाहेर आलेले. अशा तीन बरण्या होत्या. मॅडम मुलांना म्हणायच्या, नीट बघा आणि एवढं ध्यानात ठेवा की हे ज्या दिवशी घडतं त्या दिवशी बाईला आपण पोटुशी आहोत हेही धड ठाऊक नसतं. पाळी चुकून दहा-बारा दिवस झालेले असतात. म्हणून फॉलिकची गोळी दिवस राहिल्यावर सुरू करून उपयोग थोडा, ती राहायच्या आधीपासून घ्यायला पाहिजे. आणि घेतली तरी शंभर टक्के हमी नाही, धोका बराच कमी होतो इतकंच. वर्गातल्या लग्न झालेल्या मुलींना त्या हे परत एकदा बाजूला घेऊन सांगायच्या.

हे सगळं मी नांदेडला ऐकलं आणि नांदेडलाच ठेवून लातूरला आले. मुलानं लातूरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं होतं. नोकरी संपल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. घर बरं. दुकानाच्या वर दोन मजले. सून उदगीरकडची, घरावर तिचा वचक. नातू बापाबरोबर दुकानात बसतो. नातवाचं लग्न कंधारच्या मुलीशी झालं. नातसून बी.ए. झालेली, हसरी नाही पण कामाची. माहेरून शिलाई मशीन घेऊन आली आणि घरबसल्या ब्लाऊज शिवू लागली. तिच्या हातच्या बाहीला झोळ पडत नाही, म्हणून गल्लीतल्या बाया तिच्याकडे यायच्या.

लग्न झालं तेव्हा ती गोळी माझ्या मनात आली होती. आली आणि मी ती बाजूला सारली. नव्या नवरीला पोर व्हायच्या आधीच कसली गोळी, असं सुनेनं विचारलं असतं. पोरीत काही खोट आहे का, असं तिला वाटलं असतं. आणि तुम्हाला हे कुठून कळलं, हा प्रश्न आलाच असता. म्हणून बोलले नाही.

दोन वर्षांनी नातसुनेला दिवस गेले. गणपती बसले त्या दिवशी पाळी चुकली होती. आमच्याकडे तीन महिने पोटातलं बाहेर सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. तिनं नवऱ्याला सांगितलं आणि सासूला नवरात्रात सांगितलं. सासूनं तिला ताकीद दिली की डॉक्टरकडेही इतक्यात जायचं नाही, तिथं दहा ओळखीच्या बाया भेटतात. मला कुणी सांगितलं नाही. ती सकाळी भाकरीच्या वासानं बाहेर पळायची आणि गणपतीत बाजूला बसायची ती बसली नव्हती, तेवढ्यावरून मला कळलं. मी मनात दिवस मोजले. अठ्ठावीस कधीच होऊन गेले होते. तेव्हा बोलून काही होणार नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. खऱ्याचा असा उपयोग करता येतो.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. दिवस मावळताना लागणार होतं. पोटुशीनं ग्रहणात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, सुई-दोरा धरायचा नाही. सुनेनं नातसुनेला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला चादर लावली आणि मांडीवर धान्याचं सूप ठेवून जप करायला सांगितलं. तेवढ्यात दारात एक बाई आली. भाऊबीजेला तिला माहेरी जायचं होतं आणि ब्लाऊजच्या हुकाला दोरे लोंबत होते. सून मागच्या दारी होती. नातसुनेनं कात्री घेतली, दोन दोरे कापले आणि ब्लाऊज देऊन टाकलं. सून तेवढ्यात आत आली. तिनं हातातली कात्री बघितली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. सणाचा दिवस होता.

पाचव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी झाली. डॉक्टरनं दोनदा मशीन फिरवलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. बाळाच्या डोक्याचं वरचं हाड तयारच झालेलं नाही, मेंदूही नाही, हे जगणार नाही. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं. कायद्यात बसतं तेवढ्या दिवसांत होतं, म्हणून मोकळं करून घेतलं. नातसून तीन दिवस दवाखान्यात होती. बाळ कापडात गुंडाळून नेलं. तिला दाखवलं नाही.

ती घरी आली त्या दुपारी सून स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, दोरे कापले तिथंच डोकं कापलं गेलं. नातसून बाजेवर बसली होती. तिनं ऐकलं. मी पण ऐकलं, आणि हातातल्या शेंगा सोलत राहिले.

मग त्या घरात जे सुरू झालं ते सहा-सात महिने चाललं. मशीनवर गोधडी टाकून वर पत्र्याची पेटी ठेवली. कात्री सुनेच्या कपाटात गेली. नातसुनेला विळी द्यायची नाही, सुरी द्यायची नाही. भाजी सून चिरणार आणि प्रत्येक वेळी सांगणार की आता मला या वयात चिरायला लागतंय. ब्लाऊज द्यायला आलेल्या बायांना दारातूनच परत लावलं. पोरीनं खाली दुकानात उतरायचं नाही, लोक विचारतात. माहेरी फोन करायचा तर सासूसमोर. ती जिना झाडायची, भांडी घासायची, आणि उरलेल्या वेळात गच्चीच्या दाराशी बसून राहायची. गच्चीवर गेली तरी सून खालून हाक मारायची.

नातू वाईट नाही. पण बापासमोर आणि आईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. रात्रीचं तो तिला काय सांगायचा मला माहीत नाही. सकाळी ती तशीच दिसायची.

आणि मी समोर बसलेली. ती आत-बाहेर करायची आणि मी बोटांवर मोजायची. गणपती बसले तेव्हा पाळी चुकली, गणपती उठले त्याच्या आसपास वरचं तोंड मिटायला पाहिजे होतं, ते मिटलं नाही. ग्रहण आलं त्याला पुढे दीड महिना होता. ग्रहणाच्या दिवशी कात्री चालव की कुऱ्हाड चालव, जे व्हायचं ते होऊन गेलेलं. एवढं एक वाक्य होतं. ते बोलायचं तर त्याच्या मागची खोली उघडावी लागणार. कपाटं, बरण्या, सव्वीस वर्षं. ज्या हातानं मी मुलाला भरवलं, ज्या हातानं अय्यांच्या पायांवर पाणी घातलं, त्या हातानं आणखी काय केलं ते सगळं. सत्तरी ओलांडलेली बाई मुलाच्या घरात राहते. तिला दुसरं घर नसतं. मी हिशेब केला आणि गप्प बसले. कुणी मला बांधलं नव्हतं. पण तोंड उघडलं तर घर जाणार आणि मिटलं तर समोर ती दिसणार, यातून बाजूला सरकायला जागा नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाला सुनेनं ठरवलं की पोरीला कंधारला पाठवून द्यायचं. हवापालटाला, असं बोलायचं. पण तिच्या उदगीरच्या बहिणीच्या नात्यात एक लग्नाची मुलगी होती, आणि फोनवरचं बोलणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. नातसुनेलाही येत होतं. कंधारला गेली की परतीचं बोलावणं येणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं आपली लुगडी घडी करून पिशवीत भरली आणि पुन्हा काढून ठेवली. असं मी दोनदा बघितलं.

एका रविवारी तिचे वडील आणि चुलते आले. दुकान बंद ठेवलं होतं. बैठकीत सतरंजी टाकली. चहा झाला. माझ्या मुलानं आधी पावसापाण्याचं काढलं. मग सुनेनं तोंड उघडलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली की आम्ही पोरीला काही कमी केलं नाही, पण तिला सांगितलेलं ऐकायची सवय नाही, ग्रहणात कात्री चालवली, पहिलं लेकरू गेलं, घराला ठपका लागला. आता काही दिवस घेऊन जा.

वडील शेतकरी माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी मुलीकडे बघितलं.

"कात्री चालवलीस का गं?"

"हाव," ती म्हणाली. "दोन दोरे कापले."

"मग आता काय बोलावं," वडील म्हणाले. त्यांची मान खाली गेली. चुलते म्हणाले, शिकलेल्या पोरींचं असंच हाय.

मी दाराशी पाटावर बसले होते. बायांनी मधे बोलायचं नसतं आणि म्हाताऱ्या बाईनं तर नाहीच. मी म्हणाले, "कात्रीचा काही संबंध न्हाई."

सून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही ऱ्हाऊ द्या."

"लई दिवस ऱ्हाऊ दिलं. ते लेकरू गणपती उठले तेव्हाच बिघडलं होतं. ग्रहण दिवाळीत आलं. मधे दीड महिना. मोजा तुम्ही."

मुलगा म्हणाला, "माय, तुला काय ठाऊक त्यातलं?"

मी सांगितलं. उभं राहून सांगितलं, कारण बसून सांगता येईना. कोणत्या विभागात होते, कोणती खोली, बरण्यांत काय असतं. ज्यांचं डोकं वरून मिटलेलं नसतं असली तीन लेकरं मी सव्वीस वर्षं पुसली हेही सांगितलं. नळी कशी मिटते ते सांगताना शब्द सापडेनात. मग मी नातसुनेकडे बघून म्हणाले, परकराला नाडीसाठी नेफा दुमडतेस ना, दोन काठ आणून शिवतेस, तसं असतं ते. मधून शिवायला लागायचं आणि दोन्ही टोकांकडे जायचं. तुझ्या लेकराचं एक टोक शिवायचं राहून गेलं. ते तू शिवत नव्हतीस. कुणाच्याच हातात नसतं ते. पाळी चुकून पुरते पंधरा दिवसही झालेले नसतात तेव्हा ते होऊन जातं.

सून भिंतीला टेकून सरकली. माझ्यापासून लांब सरकली, तेवढं मला दिसलं.

चुलत्यांनी विचारलं, "मग मावशी, चूक कुणाची म्हणायची?"

"तिची न्हाई. कुणाची पाहिजेच असली तर माझी धरा. आधीपासून घ्यायची एक गोळी असते. घेतली तर धोका कमी होतो. मला ठाऊक होतं आणि मी लग्नात बोलले न्हाई."

माझा मुलगा उठला आणि खाली दुकानात गेला. बंद दुकानात. शटर वर केल्याचा आवाज आला नाही. तो तिथं अंधारात बसला असेल.

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. ते माझ्या सुनेला म्हणाले, "पाव्हणी, पोरीला नेत न्हाई मी. डाग लावून नेणार न्हाई. दवाखान्यात तिला आणि जावयाला बरोबर न्या, डॉक्टरला विचारा म्हातारी खरं बोलते का. खोटं निघालं तर मी सोता येऊन नेतो." त्यांचा आवाज साधा होता. जेवायला थांबले नाहीत.

डॉक्टरनं मी सांगितलं तेच सांगितलं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी जास्त ताकदीची गोळी द्यावी लागते, ती आजपासून रोज घ्या, निदान दोन-तीन महिने घेतल्याशिवाय दिवस राहू देऊ नका, असंही सांगितलं. तीन महिने लपवायचं हे डोक्यातून काढा, पाळी चुकली की लगेच या, असं त्यांनी नातवाला बजावलं. नातवानं त्या दिवशी घरी येऊन पत्र्याची पेटी मशीनवरून खाली उतरवली. आईला विचारलं नाही.

माझं सामान वरच्या गच्चीवरच्या खोलीत गेलं. सुनेनं जा म्हटलं नाही. मुलानं मजूर लावून खोलीला पत्रा नवा टाकून दिला आणि पंखा बसवला, म्हणजे जायचं होतं. ताट वर येतं. माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला. दुकान भांड्यांचं आहे, नव्याला तोटा नाही. मुलगा सकाळी दारातून विचारतो, माय, बरी हायस ना. उंबरा ओलांडत नाही. अय्या पूजेला आले तेव्हा मला खाली बोलावलं नाही. त्यांना कुणी कारण सांगितलं की नाही कोण जाणे. सांगितलं असतं तर ते विटाळ नसतो असंच म्हणाले असते, आणि सगळ्यांनी माना हलवल्या असत्या.

खोली नऊ बाय दहा. उन्हाळ्यात पत्रा तापतो. गुडघ्यांमुळे जिना मला उतरता येतो, चढता येत नाही, म्हणून उतरायचंही सोडलं.

ताट नातसून आणते. पहिल्या महिन्यात ठेवून जायची. एकदा दाराशी बसली. मग म्हणाली, "आजी, ग्रहण बरं होतं."

मी विचारलं, कसं काय.

"कारण ग्रहण असतं तर पुढच्या वेळी मी हात बांधून बसले असते. काही नसतं केलं. नीट झालं असतं. आता तुम्ही म्हणता ते आपलं आपण होतं किंवा होत नाही. मग मी काय करू?"

मी तिला गोळी घे म्हणाले. ती घेतेच आहे, म्हणाली. गोळी घेऊनही एखाद्याचं नीट होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तसं आहे का? मी म्हणाले, आहे.

तिनं मग खालच्या आवाजात विचारलं, "ते कसं दिसतं? मला दाखवलं नाही."

तिला थाप मारायची असती तर त्या वेळी मारता आली असती. मी सांगितलं की डोक्याचा वरचा भाग नसतो, डोळे मोठे दिसतात, पहिल्यांदा बघितलं की माणूस दचकतो. बाकी सगळं असतं. कान नीट असतात. बोटं वेगवेगळी असतात, त्यांना नखं यायला लागलेली असतात. तळपायाला रेघा असतात.

"रेघा असतात?"

"असतात."

ती ताट घेऊन खाली गेली. दुसऱ्या दिवशी वर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण पूर्वीपेक्षा सरळ चालत होती.

पाच महिने ती गोळी घेत राहिली. या महिन्यात वर येऊन म्हणाली की पाळी दोन दिवस पुढे गेली आहे, डॉक्टरकडे आज संध्याकाळी जाणार आहोत, सासूबाईंना नवऱ्यानं सांगून टाकलं आहे. सून काय म्हणाली ते मी विचारलं नाही. तिनं मला दिवस मोजायला सांगितलं. मी मोजतेच आहे, म्हणाले. पाळीवरून धरायचं तर दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात, हेही सांगितलं.

"रोज सांगू नका," ती म्हणाली. "संपले की एकदाच सांगा."

ते दिवस मी या खोलीत काढले. खाली भांड्यांचा आवाज, मिक्सरचा आवाज, गिऱ्हाइकांची घासाघीस. ती जिना चढून यायची, ताट ठेवायची, उष्टं उचलायची, आणि मला ठाऊक असायचं की आज खोबण पडली असेल, आज काठ वर आले असतील, आज मानेपाशी टेकले असतील. तिला काही ठाऊक नसायचं. ती लिंबाचं लोणचं आणू का विचारायची. त्या आठ-दहा दिवसांत जे व्हायचं ते माझ्यापासून चार हातांवर होत होतं आणि मला त्यातलं काही करता येत नव्हतं, बघताही येत नव्हतं. बरणीतलं निदान दिसायचं. मी जेवण कमी केलं. ती म्हणाली, भाजी खारट झाली का. मी नाही म्हणाले.

काल चार दिवस जास्तीचे धरून मोजणी संपली. ती ताट घेऊन आली. मी म्हणाले, "झाले दिवस."

ती उभी राहिली. "मिटलं असेल?"

"मिटलं किंवा न्हाई मिटलं. आता जे हाय ते हाय."

"कधी कळेल?"

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळेल, असं डॉक्टरनं तिला आधीच सांगितलं होतं. मी तेच परत सांगितलं. अजून सहा आठवडे. तिनं बोटांवर मोजलं, जसं मी मोजते तसं. मग ती माझ्या बाजेवर बसली. एवढ्या महिन्यांत माझ्या अंथरुणाला घरातल्या कुणी शिवलं नव्हतं. खालून सुनेची हाक आली, एकदा, दुसऱ्यांदा. ती उठली नाही. माझ्या ताटातली अर्धी भाकरी तोडून घेतली आणि तिथंच बसून खाल्ली.